मोटार फोन उचलत नाही? आधी रिचार्ज बघा!

नेकनूर : रात्री एकला थ्री-फेज लाईट आली. पप्पांनी पांघरुणातूनच मोटारीला फोन लावला, पण फोन बंद! शेवटी बॅटरी घेऊन, साप-विंचू बघत आम्ही दोघं विहिरीवर गेलो. मोबाईल स्टार्टर घेतला होता तो हीच चक्कर वाचवायला. बिघाड काय निघाला? आतल्या सिमचा रिचार्ज संपलेला!

तुमच्याही शेतात असा स्टार्टर असेल, तर आधी घरूनच तपासा. लाईट असूनही फोन लागत नसेल, तर रिचार्ज किंवा रेंजची अडचण समजा. बरेच जुने स्टार्टर टू-जीवरच चालतात. फक्त फोर-जीवर चालणारं सिम त्यात टाकून उपयोग नाही. फोन लागतो, पण मोटार चालू होत नाही? मग एखादी फेज गेलेली असेल किंवा व्होल्टेज कमी असेल. मोटार जळू नये म्हणून स्टार्टरच तिला अडवतो. तेव्हा जुगाड करून ती चालवू नका.

आणि एक लक्षात ठेवा, ऑटोवर असलेली मोटार लाईट येताच आपोआप सुरू होते. म्हणून पेटीला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा. वायरिंगचं काम वायरमनलाच करू द्या.

रिचार्जच्या तारखेचा अलार्म आता माझ्या मोबाईलमध्ये आहे. तेवढं तर आपण करूच शकतो ना?