घरातला जुना बोर्ड बदलताय? आधी हे वाचा

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या-ट्रॉलर किनाऱ्याला लागले की घराची डागडुजी निघते. त्यात हल्ली एक काम हमखास असते: चिनी मातीच्या फ्यूजचा जुना लाकडी बोर्ड काढून एमसीबीची नवी पेटी बसवणे. काम चांगलेच आहे. पण नुसती पेटी बदलली म्हणजे घर सुरक्षित झाले, असे कोणी समजू नये.

आपल्या जुन्या घरांचे वायरिंग झाले तेव्हा चार दिवे, दोन पंखे आणि एक रेडिओ एवढाच भार होता. आज गीझर २००० वॅट, दीड टनाचा एसी साधारण १५०० वॅट, एक एचपीचा पंप हजार वॅटच्या आसपास, वर मासळीचा डीप फ्रीझर. सगळे एकदम चालले तर २० अँपिअर सहज ओढतात. म्हणून वायरमनला बोलावताना या पाच गोष्टी पाहा.

१) न्यूट्रलचा फ्यूज काढा. जुन्या बोर्डात फेज आणि न्यूट्रल दोन्हींना फ्यूज असायचे. न्यूट्रलचा उडाला की दिवा विझतो, पण वायरीत करंट तसाच राहतो. लाईट गेली समजून हात लावणारा फसतो. नियमाप्रमाणे न्यूट्रलमध्ये एकटा फ्यूज किंवा एकटा स्विच चालत नाही. मेन स्विच दोन्ही तारा एकदम तोडणारा हवा.

२) एमसीबी वायर बघून निवडा. 'सारखी ट्रिप होते, मोठी टाक' असे सांगू नका. दीड एमएमच्या तांब्याच्या वायरीवर ३२ अँपिअरची एमसीबी लावली तर ती पडण्याआधी वायर तापून जळेल. गीझर, एसी यांना वेगळी, जाड वायर ओढा.

३) अर्थिंग खरे आहे का? पूर्वी अनेक घरांत नळाच्या लोखंडी पाइपला अर्थ जोडायचे. नळ पीव्हीसीचा झाला, तिथेच अर्थ संपला. आपल्याकडे रेती आणि खारी हवा. सुकी रेती करंट नीट घेत नाही आणि लोखंड लवकर गंजते. पाइप ओल लागेपर्यंत खोल हवा. तपासणी उन्हाळ्यातही करा. पावसात ओल्या जमिनीत अर्थिंग चांगलेच दिसते, खरी परीक्षा मे महिन्यात.

४) ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा. एमसीबी वायर वाचवते, माणूस नाही. शॉक लागून माणूस मरायला लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त करंट गेल्याशिवाय एमसीबी पडत नाही. ओल्या लादीवर अनवाणी पायांनी फ्रीझर उघडणाऱ्या बायकांना आरसीसीबीच वाचवते.

जुन्या घरात ती बसवताच पडू लागते. कुठेतरी दोन सर्किटांचे न्यूट्रल एकत्र झालेले असतात, न्यूट्रल अर्थला जोडलेला असतो, किंवा भिंतीत वायर ओली होऊन करंट गळत असतो. अशा वेळी 'पेटी खराब आहे, बायपास करतो' असे कोणी म्हणाला तर ऐकू नका. ती घरातला दोष दाखवते आहे. दोष शोधून काढायला लावा, एक दिवस जास्त लागला तरी चालेल. नंतर दर महिन्याला तिचे टेस्टचे बटण दाबून पाहा.

५) काम लायसन्सवाल्याकडूनच करा. मीटर आणि त्याच्या आधीची सर्व्हिस वायर वीज खात्याची, मीटरनंतरचे आपले. सील कोणी तोडू नये. भार वाढला असेल तर मंजूर लोड वाढवण्यासाठी खात्याकडे अर्ज करा आणि कंत्राटदाराकडून टेस्ट रिपोर्ट मागून घ्या.

ट्रॉलरवर इंजिन नवे बसवले तरी जुना शाफ्ट आणि कुजलेली फळी आपण पाहतोच ना? घराचेही तसेच. पेटीचा खर्च ठरवताना अर्थिंग आणि वायरीचा खर्च त्याच अंदाजात धरा.

वाड्यावर कोणाचे काम निघाले असेल तर त्यांच्यापर्यंत हे जरूर पोहोचवा.