खर्जातले शेजारी

पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला थांबावे लागते. मागून जादा इंजिने जोडल्याशिवाय बोरघाट चढत नाही आणि तेवढ्या वेळात फलाटावर बटाटेवडा खाऊन होतो. मुंबई-पुण्याच्या मैफली गाजवणारे किती गवई आणि वादक या फलाटावरून गेले असतील! पण ते गेले, उतरले मात्र क्वचितच. संगीताच्या नकाशावर कर्जत आणि खालापूर हे दोन्ही तालुके 'वाटेवरचे' म्हणूनच राहिले. त्यामुळे इथल्या रसिकाला एक सवय जडली आहे. गाणे ऐकायचे तर गाडी पकडायची आणि 'शेवटची कर्जत' चुकणार नाही अशा बेताने मैफलीतून उठायचे. दादर-ठाण्याच्या सभागृहात द्रुत बंदिश सुरू होते न होते तोच घड्याळाकडे पाहणारा श्रोता दिसला, तर तो खुशाल कल्याणच्या पलीकडचा समजावा.

गेल्या काही वर्षांत याच गाड्यांतून आणखी एक जमात प्रवास करताना दिसते. काळा टी-शर्ट, त्यावर वाचता न येणारी काटेरी अक्षरे, पाठीवर गिटारची लांब पिशवी. खोपोलीच्या लोकलमध्ये पळसदरी, केळवली, डोलवली या स्थानकांवर भाजीच्या पाट्यांबरोबर ही मुले चढतात आणि उतरतात. ती 'मेटल' ऐकतात आणि जमेल तसे वाजवतातही. आमच्या गावातल्या संगीतप्रेमी मंडळींत या मुलांचा विषय निघाला की एक ज्येष्ठ गृहस्थ ठरलेले वाक्य टाकतात, "हे संगीत नव्हे, पत्र्याच्या शेडवरची दगडफेक आहे." सगळे हसतात आणि विषय संपतो.

माझ्या मते तो तिथे संपू नये. 'सूर तो सूरच, सगळे संगीत एकच' असे म्हणणारा एक गुळगुळीत पंथ आहे; त्याच्याशीही माझे जमत नाही. रागसंगीत आणि मेटल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण चित्रपटगीताला किंवा हळदीच्या डीजेला यांतले कोणीही जितके जवळ आहे, त्याहून ही दोन्ही संगीते एकमेकांना जवळ आहेत. दोन्हींना ऐकणारा माणूस लागतो, नुसता हजर असलेला चालत नाही.

खालापूरहून जुन्या रस्त्याने पनवेलकडे निघाले की चौक, शेडुंग मागे पडते आणि पळस्पे येते. गोव्याकडे वळणाऱ्या गाड्यांचा तो फाटा सगळ्यांना ठाऊक आहे. पण तिथेच उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर (१९२९-१९९०) यांनी धृपदाचे गुरुकुल उभे केले, हे आमच्या भागातही फार थोड्यांना माहीत असते. डागरसाहेब रुद्रवीणा वाजवीत. हे वाद्य मुळातच गंभीर. पण त्यांना ते आणखी खोल हवे होते. त्यांनी तुंबे मोठे करून घेतले, दांडी भरभक्कम केली, तारा जाड चढवल्या आणि मिजराब बाजूला ठेवून नुसत्या बोटांनी वाजवायला सुरुवात केली. त्यांच्या ध्वनिमुद्रित आलापात मंद्र सप्तकातला एक स्वर छेडला की तो कानापेक्षा छातीत आधी पोहोचतो. तो पूर्ण विरेपर्यंत पुढचा स्वर येत नाही. घाई नावाची गोष्ट तिथे अस्तित्वातच नाही.

आता दुसरे चित्र पाहा. १९६५ साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. त्याचा तिथला तो शेवटचा दिवस होता. यंत्रात हात सापडून त्याच्या दोन बोटांची टोके गेली आणि नेमकी गिटारच्या तारा दाबणाऱ्या हाताची. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे बनवली, त्यांवर चामडे चिकटवले आणि हलक्या तारा लावून पुन्हा वाजवू लागला. पुढे तारांवरचा ताण कमी व्हावा म्हणून त्याने गिटार नेहमीपेक्षा खालच्या स्वरात मिळवली. 'ब्लॅक सॅबथ' या त्याच्या वाद्यवृंदाचा पहिला अल्बम फेब्रुवारी १९७० मध्ये आला आणि हेवी मेटलचा जन्म साधारणपणे तिथून धरतात. ही कथा खोपोलीत सांगितली तर ती समजावून द्यावी लागत नाही. पोलाद आणि पाइपांच्या कारखान्यांत पाळ्या केलेल्या घरांमध्ये 'मशीनमध्ये बोट गेले' हे वाक्य परके नाही. शिवाय १९१५ साली टाटांनी जिथे पाण्यावर वीज करून मुंबईच्या गिरण्यांना पुरवायला सुरुवात केली, त्या गावाने विजेवर चालणाऱ्या संगीताला नाक मुरडावे हेही जरा गमतीचे आहे.

एकाने साधनेपोटी तार जाड केली, दुसऱ्याने दुखापतीपोटी ती सैल केली. दोघेही खर्जात उतरले. मी त्या दोघांना एका पंगतीला बसवू पाहत नाही. डागर घराण्याच्या मागे पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या आहे. पण खालच्या स्वरात असलेले वजन, तिथे जाऊन थांबण्याची ओढ दोघांनाही कळली होती, एवढे मान्य करायला काय हरकत आहे?

मेटलवरचा नेहमीचा आक्षेप म्हणजे त्या गिटारचा खरखरीत, फाटलेला आवाज. इथे तंबोरा आठवावा. घोडीवर तारेखाली सुताचा एक धागा सरकवून आपण जवारी लावतो, म्हणजे करतो काय? स्वच्छ वाजणाऱ्या तारेला मुद्दाम घोडीला घासू देतो, तिच्यातून झणझण काढतो. त्या घासण्यातून मूळ स्वराच्या पोटातले वरचे स्वर उमलतात. ज्याने कधी तंबोरा ऐकला नाही, त्याला हे वाद्य बिघडले आहे असेच वाटेल. गिटारच्या ध्वनिवर्धकातली ती फाटही मूळ स्वरात नव्हते ते वरचे स्वर भरण्यासाठीच मुद्दाम केलेली असते. जवारी रेशमासारखी आणि ही फाट करवतीसारखी, हे खरे. पण दोन्ही ठिकाणी 'निर्मळ' आवाज पुरेसा वाटलेला नाही.

स्वरांचेही असेच आहे. 'ब्लॅक सॅबथ' याच नावाचे त्यांचे जे पहिले गाणे, त्याचा पाया फक्त तीन स्वरांचा आहे: षड्ज, तार षड्ज आणि मग तीव्र मध्यम. षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्यातल्या अंतराला पाश्चात्त्य संगीतात 'संगीतातला सैतान' असे जुने नाव आहे. आपल्याकडे हाच तीव्र मध्यम दिवेलागणीला घरात येतो. यमनात तो प्रसन्न असतो, पूरिया धनाश्रीत व्याकूळ. फरक आहे तो संगतीचा. आपण त्याला गंधार-पंचमाच्या, निषादाच्या सोबतीने फिरवतो. मेटल त्याला षड्जासमोर उघडा उभा करून दोघांची टक्कर लावते. मारव्यात आपणही थोडे तसेच करतो. पंचमाला रजा, षड्जाला शक्य तितके लांब ठेवायचे आणि ऐकणाऱ्याला अधांतरी लटकवायचे. संध्याकाळच्या मारव्याने ज्याच्या पोटात कालवले आहे, त्याने मेटलमधल्या अस्वस्थतेला असंस्कृत म्हणू नये. कोमल रिषभावर तर मेटलचे इतके प्रेम आहे की सवयीच्या कानाला मधूनच भैरवीची, कधी बसंत मुखारीची चाहूल लागते. अर्थात चाहूलच, राग नव्हे. राग म्हणजे नुसती स्वरपट्टी नाही, हे त्या मुलांनाही सांगावे लागते.

लयीच्या बाबतीत मात्र मला मेटलवाल्यांचे खरोखर कौतुक वाटते. स्वीडनचा 'मेशुगा' हा वाद्यवृंद ऐकावा. तबकडीवर साधी चार मात्रांची चाल धरलेली असते आणि तिच्याखाली गिटार व ढोल विषम मात्रांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा फिरवत राहतात. तो तुकडा दर फेरीला वेगळ्या जागी पडतो, ऐकणाऱ्याचा पाय चुकतो आणि मग ठरलेल्या जागी सगळे एकत्र येऊन आदळतात. पखवाजाची परण किंवा तबल्याची तिहाई ज्याने बोटांवर मोजली आहे, त्याला त्या आदळण्यात सम सापडते. आमच्याकडच्या भजनी मंडळातल्या एका पखवाजियाला मी हे ऐकवले. पहिली दोन मिनिटे त्यांनी कानावर हात ठेवले. तिसऱ्या मिनिटाला त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरू लागला. आवाज त्यांना शेवटपर्यंत आवडला नाही, पण हिशेब त्यांनी पूर्ण केला. मान डोलावणे आणि मान हिसडणे यांत अंतर आहे, पण दोन्ही समेवरच होते.

रसाचा प्रश्न अधिक अवघड. भरताने आठ रस सांगितले, त्यांत रौद्र, भयानक आणि बीभत्स आहेत. आजच्या आपल्या मैफलीत ते कुठे दिसतात? शृंगार, करुण, भक्ती आणि थोडा वीर, एवढ्यावर आपले भागते. अडाण्यासारखा एखादा राग जरा डोळे वटारतो, तेवढेच. मुंबईत 'भयानक मौत' या नावाचा एक मेटलचा वाद्यवृंद निघाला, तेव्हा नाव ऐकून अनेकांनी कपाळाला हात लावला. मला मात्र वाटले, आपण टाकून दिलेला एक रस या मुलांनी उचलून घरी नेला. वडिलोपार्जित जमिनीवर कुणाचे तरी फार्महाऊस उभे आहे, कारखान्यात कंत्राटी कामाशिवाय काही मिळत नाही, रोज दोन तास उभ्याने मुंबई गाठायची आहे, अशा वीस-बावीस वर्षांच्या मुलाच्या मनात राग साठणारच. 'राग' या शब्दाचे दोन्ही अर्थ आपल्या भाषेत आहेत. संगीतात मात्र आपण एकच ठेवला.

इतके सगळे सांगूनही निवड करायची वेळ आली तर मी ख्यालाकडेच जाईन आणि त्याचे कारण सभ्यता किंवा परंपरा नाही. मेटलच्या मैफलीत गाणे आधी ठरलेले असते. महिनोन्‌महिने तालीम करून घासून पक्के केलेले असते आणि ते ध्वनिमुद्रिकेत होते तसेच आले की श्रोते खूश होतात. ख्याल गाणारा काल गायला तसाच आज गायला तर आपण चुकचुकतो. विलंबितातला एकेक स्वर त्या क्षणी ठरत असतो, आपल्या देखत. पुढे काय होणार हे गायकालाही पुरते ठाऊक नसते. ती जोखीम, ते वाट पाहणे मेटलमध्ये मला सापडत नाही. शिवाय तिथे द्रुत सुरुवातीलाच असते. ख्यालाला ते तासभर कमवावे लागते. आणि मेटलला हळू बोलणे फारसे जमत नाही. सगळेच वाद्य सगळा वेळ ओरडत असले की शेवटी ओरडण्याचाही अर्थ जातो. हा माझा आक्षेप मी त्या मुलांपुढे मांडला आहे. त्यांनी तो ऐकून घेतला आणि 'काका, तुमचा झाला तेवढाच षड्ज अर्धा तास चालतो, त्याचे काय?' असे विचारले.

पण आजचा खरा तंटा या दोघांत नाहीच. जुन्या लोकांना आठवत असेल, पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव रात्र रात्र चाले. आम्हां कर्जतकरांना ते फार सोयीचे. भैरवी ऐकायची आणि सकाळच्या सिंहगडने घरी यायचे. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहाची मर्यादा आणखी घट्ट केली आणि उघड्यावरच्या रात्रभराच्या मैफली इतिहासजमा झाल्या. रात्रीचे राग रात्री ऐकण्याची चैन गेली. त्याच सुमारास मुंबईत धोबी तलावाचे रंगभवन, जिथे 'इंडिपेंडन्स रॉक'सारखे महोत्सव भरत, तेही आसपासच्या रुग्णालयांमुळे शांतता क्षेत्रात अडकून बंद पडले. नियम चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. आजाऱ्याची झोप कोणत्याही मैफलीपेक्षा मोठी. पण ज्या गोंगाटासाठी तो केला, तो थांबला का? निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा कागदावर आहे. लग्नसराईत हळदीच्या रात्री कर्जत-खालापूरच्या कुठल्याही गावात उभे राहून पाहावे. पूर्वीच्या बेंजोवाल्यांना निदान दम लागत असे. आताच्या भिंतींना तोही लागत नाही. शनिवार-रविवारी फार्महाऊसची भर. या भिंतीपुढे आमचा तंबोरा जितका निरुपाय, तितकीच त्या मुलांची गिटारही.

म्हणून गेल्या महिन्यात त्यांच्यातली चौघे जण आमच्या मंडळाचे सभागृह सरावासाठी मागायला आली, तेव्हा मला आश्चर्य वाटले नाही. घरात शेजारी भांडतात आणि भाड्याचा स्टुडिओ ठाण्याच्या अलीकडे परवडत नाही. आमचे सभागृह आठवड्यातले सहा दिवस कुलूपबंद असते. सातव्या दिवशी चाळीस खुर्च्या मांडल्या तर पंधरा भरतात आणि त्या पंधरांत पन्नाशीच्या आतले कोणी नसते. समितीत अर्थातच दोन तट पडले. दगडफेकवाले गृहस्थ विरोधात आहेत; पखवाजिया अजून काही बोललेले नाहीत, फक्त 'तो तुकडा किती मात्रांचा होता हो?' असे त्यांनी मला परवा बाजारात विचारले. पुढच्या रविवारी मतदान आहे. माझे मत मुलांना जाईल. अटी दोनच घातल्या आहेत: दहाच्या आत दारे बंद आणि तंबोऱ्याच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे.