बोहेमियन ऱ्हॅप्सडी

बोहेमियन ऱ्हॅप्सडी हे क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचे इंग्रजी गीत आहे. ते ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी ई.एम.आय. कंपनीने सिंगल म्हणून, म्हणजे प्रत्येक बाजूस एकच गाणे असलेल्या छोट्या तबकडीच्या रूपात, प्रकाशित केले. गीतलेखन आणि संगीतरचना फ्रेडी मर्क्युरी यांची आहे. पाच मिनिटे पंचावन्न सेकंदांचे आणि ध्रुवपद नसलेले हे गाणे नभोवाणीवर वाजणार नाही, असे व्यवसायातील जाणकारांचे मत होते. प्रत्यक्षात ते ब्रिटनमधील विक्रीच्या यादीत सलग नऊ आठवडे पहिल्या स्थानावर राहिले.

पार्श्वभूमी

फ्रेडी मर्क्युरी यांचे मूळ नाव फारुख बल्सारा. त्यांचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांजिबार येथे पारशी कुटुंबात झाला. वयाच्या आठव्या वर्षी त्यांना सातारा जिल्ह्यातील पाचगणीच्या सेंट पीटर्स या निवासी शाळेत पाठवण्यात आले. फ्रेडी हे नाव त्यांना तेथेच मिळाले. पियानोचे शिक्षण, शाळेच्या गायनवृंदातील सहभाग आणि सवंगड्यांसमवेत काढलेला ‘द हेक्टिक्स’ हा बँड, हे सारे पाचगणीचेच. त्या बँडचा मुख्य गायक मात्र दुसराच विद्यार्थी होता. फारुख पियानो वाजवीत. १९६३ मध्ये ते झांजिबारला परतले आणि पुढच्याच वर्षी तेथील क्रांतीनंतर हे कुटुंब इंग्लंडला गेले.

या गीताचे मूळ पाचगणीत शोधण्याचा मोह मराठी वाचकास होणे स्वाभाविक आहे. तथापि गीतात पाचगणीचा वा भारताचा उल्लेख नाही. पियानोची सवय आणि समूहगानाचा कान एवढेच त्या शाळेचे देणे म्हणता येईल. या गीतापुरते तेही थोडे नव्हे.

क्वीनची स्थापना १९७० मध्ये लंडन येथे झाली. गिटारवादक ब्रायन मे, ड्रमवादक रॉजर टेलर आणि बेस गिटारवादक जॉन डीकन हे अन्य सदस्य होत. १९७४ मधील ‘किलर क्वीन’ या गीताने त्यांना नाव मिळवून दिले, परंतु पदरात पैसा पडला नव्हता. त्यामुळे ‘अ नाइट ॲट दि ऑपेरा’ या पुढील संग्रहावर बँडचे भवितव्य अवलंबून होते.

रचना

ऱ्हॅप्सडी म्हणजे पाश्चात्त्य संगीतातील मुक्त बांधणीची रचना. तीत भिन्न भावांचे खंड एकामागून एक येतात. आपल्याकडील रागमालेत गायक एका रागातून दुसऱ्यात जातो, त्याची येथे आठवण होते. पण येथे गायनाची शैलीच बदलते. आरंभी वाद्यांविना बहुस्वरी गायन आहे. त्यानंतर पियानोच्या साथीने आईपाशी खुनाची कबुली देणाऱ्या मुलाचे संथ गीत येते. मग गिटारचा छोटा तुकडा, त्यापाठोपाठ सुमारे एक मिनिटाचा ऑपेराचा, म्हणजे पाश्चात्त्य संगीतनाटकाच्या ढंगाचा भाग, मग तडफदार रॉक आणि शेवटी पुन्हा संथ विराम. भावगीताप्रमाणे प्रत्येक कडव्यानंतर ध्रुवपदाकडे परतण्याची सोय नाही. ऑपेराच्या भागात गॅलिलिओ, फिगारो अशी नावे येतात. त्यांची अनेक स्पष्टीकरणे दिली गेली आहेत. मर्क्युरी यांनी मात्र गीताचा अर्थ उलगडून सांगण्याचे कायम टाळले.

२०२३ मध्ये लंडनच्या सदबीज या लिलावगृहात या गीताचे हस्तलिखित खर्डे विक्रीस आले. एका हवाई कंपनीच्या कागदांवर लिहिलेल्या या खर्ड्यांत ‘मंगोलियन ऱ्हॅप्सडी’ असे शीर्षक लिहून त्यातील पहिला शब्द खोडलेला आढळतो.

ध्वनिमुद्रण

ध्वनिमुद्रणास ऑगस्ट १९७५ मध्ये वेल्समधील रॉकफील्ड स्टुडिओत सुरुवात झाली आणि पुढे आणखी काही स्टुडिओंत ते पूर्ण झाले. निर्माते रॉय थॉमस बेकर आणि बँड यांनी ते संयुक्तपणे केले. ऑपेराच्या भागातील प्रचंड गायनवृंद वस्तुतः तिघांचाच आहे: मे खालच्या पट्टीत, मर्क्युरी मधल्या आणि टेलर अतितार स्वरांत गात. त्या काळच्या फितीवर चोवीस आवाज स्वतंत्रपणे नोंदवता येत. त्या भरल्या की सर्वांचे मिश्रण करून ते दुसरीकडे उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या जागेत पुन्हा गायचे, असा क्रम दिवसाचे दहा-बारा तास चाले. केवळ याच भागास सुमारे तीन आठवडे लागले. वारंवार फिरवल्याने फितीवरील चुंबकीय लेप इतका झिजला, की ती उजेडासमोर धरल्यास आरपार दिसे.

प्रकाशन

सुमारे तीन मिनिटांचे गाणे ही अट जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीने घातली होती. मराठी नाट्यपदेही एकेकाळी याच मापात बसवावी लागत. पुढे तंत्र बदलले, तरी नभोवाणीच्या वेळापत्रकात ते माप टिकून राहिले. साहजिकच कंपनीने गाणे कापण्याचा आग्रह धरला. बँडने नकार दिला. (इतके लांब सिंगल हे पहिलेच, असे पुष्कळदा लिहिले जाते, ते खरे नाही. बीटल्सचे १९६८ मधील ‘हे ज्यूड’ सात मिनिटांहून मोठे होते.)

कोंडी फोडली ती लंडनच्या कॅपिटल रेडिओवरील निवेदक केनी एव्हरेट यांनी. वाजवू नये अशी ताकीद देऊन त्यांना आगाऊ प्रत देण्यात आली होती. ही ताकीद लटकीच होती. एव्हरेट यांनी दोन दिवसांत ते चौदा वेळा वाजवले आणि दुकानांत अप्रकाशित तबकडीची मागणी सुरू झाली.

दूरचित्रवाणीवर हे गाणे प्रत्यक्ष सादर करणे अशक्यप्राय होते. म्हणून ब्रूस गोवर्स यांच्या दिग्दर्शनाखाली अवघ्या काही तासांत चित्रफीत तयार करण्यात आली. तीत आरंभीचे गायन चौघे करताना दिसतात, पण ते सर्व आवाज एकट्या मर्क्युरी यांचेच आहेत. गाण्याच्या प्रसारासाठी चित्रफिती यापूर्वीही निघाल्या होत्या. या चित्रफितीच्या यशानंतर मात्र ती प्रथाच पडली.

उत्तरकाळ

जानेवारी १९७६ अखेर ब्रिटनमध्ये दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या होत्या. अमेरिकेत हे गाणे नवव्या स्थानापर्यंत पोहोचले. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी एड्ससंबंधित न्यूमोनियाने मर्क्युरी यांचे निधन झाल्यावर ते पुनःप्रकाशित झाले व ब्रिटनमध्ये पुन्हा पाच आठवडे अग्रस्थानी राहिले. त्याचे उत्पन्न एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला देण्यात आले. ‘वेन्स वर्ल्ड’ या विनोदी चित्रपटात मोटारीत बसलेले मित्र हे गाणे ऐकत माना हलवतात. त्या प्रसंगामुळे १९९२ मध्ये अमेरिकेतही ते परतले आणि या वेळी दुसऱ्या स्थानावर गेले.