बर्फ वितळल्यानंतरची औली

औलीचे नाव निघाले की डोळ्यांपुढे उभा राहतो पांढराशुभ्र उतार आणि त्यावरून सरसर घसरत येणारी माणसे. उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यातील हे ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० ते ३,००० मीटर उंचीवर वसलेले आहे. स्कीइंगमुळे त्याला कीर्ती लाभली. परंतु हा खेळ तेथे चालतो जेमतेम दोन महिने, साधारणतः जानेवारीपासून मार्चच्या आरंभापर्यंत. उरलेले दहा महिने तेथील माणसे काय करीत असतील, हा प्रश्न व्यापारी घरातील वाचकाला सहज सुचावा. ज्या दुकानाची सारी उलाढाल एकाच हंगामावर अवलंबून असते, त्याची चिंता आपल्याला ठाऊक आहे. पाऊस हुकला की बाजारपेठ थंडावते. औलीत हुकतो तो बर्फ.

आणि तो अलीकडे वारंवार हुकू लागला आहे. पुरेशा हिमवर्षावाअभावी येथील राष्ट्रीय पातळीवरील स्पर्धाही रद्द कराव्या लागल्या आहेत. २०११ साली दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धा येथे झाल्या, त्या निमित्ताने डोंगरमाथ्यावर एक कृत्रिम तलाव बांधला गेला. त्यातील पाण्यापासून यंत्राने बर्फ तयार करावा, ही कल्पना. परंतु यंत्रालाही गोठवणारी थंडी लागतेच. म्हणून बर्फाखेरीजची औली जाणून घेणे हे प्रवाशाच्या आनंदाचे आहे, तसेच स्थानिकांच्या पोटापाण्याचेही.

हिवाळ्यात जाणाऱ्यांनी केवळ छायाचित्रे काढून परतू नये. गढवाल मंडल विकास निगमातर्फे नवशिक्यांसाठी सात व चौदा दिवसांचे स्कीइंगचे वर्ग चालवले जातात. घरातील तरुण मुलामुलींना यापेक्षा चांगली सुट्टी क्वचितच मिळेल. ज्येष्ठांनी चेअरलिफ्टमध्ये बसून वर जावे आणि नंदादेवीचे दर्शन घ्यावे. ७,८१६ मीटर उंचीचे हे शिखर संपूर्णतः भारताच्या भूमीवरील सर्वांत उंच शिखर होय.

मार्च-एप्रिलमध्ये बर्फ ओसरू लागतो आणि रानात बुरांशची लालभडक फुले उमलतात. त्यांचे सरबत गढवालात घरोघरी होते. मे-जूनमध्ये गवत हिरवे होते. त्या भागात उंचावरील कुरणांना 'बुग्याल' म्हणतात. औलीपासून सुमारे तीन किलोमीटरवरील गोरसों बुग्यालपर्यंत ओक आणि देवदाराच्या रानातून चालत जाता येते. सकाळी निघून दुपारी परतावे, इतकीच ही वाट आहे. धडधाकट प्रकृतीच्या तरुणांना पुढे कुंवारी खिंडीपर्यंतची काही दिवसांची पदयात्रा खुणावते.

पावसाळ्यात मात्र या रस्त्यांवर दरडी कोसळतात. आपल्याकडे तो चातुर्मासाचा काळ. लांबचा प्रवास त्या दिवसांत टाळलेलाच बरा. जवळचीच 'फुलांची दरी' जुलै-ऑगस्टमध्ये ऐन बहरात असते, हे खरे. पण तिकडे जायचेच असेल तर हाताशी दोन-तीन दिवस अधिक ठेवावेत आणि हवामानाचा अंदाज रोज पाहावा.

सर्वांत उपेक्षित, पण सर्वांत सुंदर काळ म्हणजे ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचा पूर्वार्ध. पावसाने धुतलेले आकाश निळेशार असते. द्रोणागिरी, कामेत, हाथी पर्वत ही शिखरे लख्ख दिसतात. उन्हाळ्याची गर्दी ओसरलेली असते. दिवाळीनंतरच्या सुट्टीत कुटुंबासह जाण्यास हा काळ उत्तम. जोशीमठजवळचे रैणी गावही याच प्रवासात पाहता येते. २६ मार्च १९७४ रोजी गौरादेवी आणि गावातील स्त्रियांनी झाडांना आपल्या देहाचा आडोसा देऊन ती तोडू दिली नाहीत.

आहाराची चिंता नसावी. गढवालात मंडुवा म्हणतात तो धान्यप्रकार म्हणजे आपली नाचणीच. तिची भाकरी, डोंगरी राजमा आणि झंगोऱ्याची खीर हे तेथील साधे, सात्त्विक जेवण. कंदमुळे वर्ज्य असल्यास उतरण्याच्या ठिकाणी आधी कळवावे. हिवाळ्यात तेथे दिवस लवकर मावळतो, म्हणून सायंकाळच्या भोजनाची वेळही आधीच ठरवून घ्यावी.

आता थोडे जोशीमठविषयी. औलीच्या पायथ्याचे हे गाव आता ज्योतिर्मठ या नावानेही ओळखले जाते. ते जुन्या दरडीच्या मातीवर वसलेले असून तेथे जड बांधकाम नको, असा इशारा मिश्रा समितीने १९७६ सालीच दिला होता. बांधकामे मात्र वाढतच गेली. जानेवारी २०२३ मध्ये शेकडो घरांना तडे गेले, कितीतरी कुटुंबांना राहती वास्तू सोडावी लागली आणि औलीला जाणारा सुमारे चार किलोमीटरचा रज्जुमार्गही बंद करावा लागला. २०१९ च्या जून महिन्यात औलीच्या कुरणावर एक थाटाचा विवाहसोहळा झाला. त्यामागे उरलेल्या कचऱ्याचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. त्याआधी, २०१८ मध्ये, त्याच न्यायालयाने बुग्यालांवर रात्री तंबू ठोकून मुक्काम करण्यास मनाई केली होती.

यावरून कोणी म्हणेल, मग जाऊच नये. तसे केल्यास हमाल, घोडेवाले, वाटाडे आणि लहान खाणावळी यांचा चरितार्थ थांबेल. डोंगराला भार होतो तो एकाच वेळी लोटणाऱ्या गर्दीचा आणि तिच्यासाठी उभ्या राहणाऱ्या इमारतींचा. हीच माणसे वर्षभर थोडी थोडी आली, तर चाळीस खोल्यांच्या ठिकाणी दहा खोल्या पुरतील आणि त्या बारमाही चालतील.

ऋषिकेशहून जोशीमठ सुमारे २५० किलोमीटर आहे. घाटाच्या रस्त्याने पूर्ण दिवस लागतो, म्हणून पहाटे निघावे. तेथून पुढे औलीपर्यंत मोटाररस्ता आहे. रज्जुमार्गाची स्थिती आधी विचारून घ्यावी. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी वैद्यांचा सल्ला घ्यावा आणि पहिला दिवस विश्रांतीचा ठेवावा. मुक्काम स्थानिक कुटुंबाच्या घरी करावा, वाटाड्या गावातलाच घ्यावा आणि आपला कचरा आपल्याच पिशवीतून खाली आणावा. परतताना दोन किलो राजमा आणि बुरांशच्या सरबताची एक बाटली तेथल्याच दुकानातून विकत घ्यावी. घासाघीस करण्याची आपली सवय तेवढ्यापुरती बाजूला ठेवली, तरी चालेल.