आंब्याच्या फांदीला कोणती करवत?

मनगटाएवढ्या फांदीपर्यंत वाकड्या पात्याची हातकरवत पुरते. तिचे दात ओढताना कापतात, त्यामुळे झाडावर बसूनही एका हाताने काम होतं. चेनसॉचा खरा उपयोग खाली पडलेल्या जाड फांद्यांचे तुकडे करताना. शिडीवर तो नेऊच नये: पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला, की यंत्र उसळून थेट तोंडाकडे येतं. बॅटरीवरचा छोटा चेनसॉ खेळण्यासारखा दिसतो, पण उसळतो तोही. हत्यार कुठलंही असो, जड फांदी आधी खालून थोडी कापावी, मग जरा पुढे वरून. नाहीतर साल खोडापर्यंत सोलत जाते. उरलेला खुंट बुडाचा फुगवटा राखून काढावा आणि जखमेवर बोर्डो पेस्ट लावावी.