फायबर : भरीव की पोकळ?

आज आपण दोन प्रकारच्या ऑप्टिकल फायबरची तुलना करू. एक नेहमीचं, भरीव काचेचं. दुसरं नवं, ज्याच्या गाभ्यात काच नाहीच, हवा आहे.

नेहमीच्या फायबरची जाडी 125 मायक्रॉन आणि मधला गाभा साधारण 9 मायक्रॉन. गाभ्याचा अपवर्तनांक आवरणापेक्षा किंचित जास्त असतो, म्हणून पूर्ण आंतरिक परावर्तन होऊन प्रकाश आतच राहतो. 1966 मध्ये चार्ल्स काओ यांनी दाखवलं, की घट होते ती मुख्यतः काचेतल्या अशुद्धीमुळे. काच शुद्ध होत गेली, आणि आज घट किलोमीटरला सुमारे 0.2 डेसिबलवर आली आहे. म्हणजे प्रकाश निम्मा व्हायला 15 किलोमीटर लागतात.

आता काच याहून शुद्ध करून फारसा फायदा नाही, कारण काचेचे रेणूच प्रकाश विखुरतात. शिवाय काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो, हवेत 3 लाख.

मग गाभा पोकळच ठेवला तर? पण हवेचा अपवर्तनांक काचेपेक्षा कमी, त्यामुळे पूर्ण आंतरिक परावर्तन होणार नाही. इथे युक्ती वेगळी आहे. पोकळीभोवती अतिशय पातळ काचेच्या नळ्या बसवतात, एकीच्या आत दुसरी. भिंतीची जाडी अशी ठरवतात, की प्रकाश परत आत ढकलला जातो. 2025 मध्ये साउथॅम्प्टनच्या संशोधकांनी अशा फायबरमध्ये 0.1 डेसिबलपेक्षाही कमी घट मोजली.

याचा उपयोग कुणाला? समजा, दोन डेटा सेंटरमध्ये एका दिशेने अर्ध्या मिलिसेकंदाहून जास्त उशीर चालत नाही. काचेतून ती 100 किलोमीटरच्या आत हवीत, पोकळ फायबरने 150 चालतील. म्हणजे जिथे वीज आणि जागा मिळते, तिथे जाता येतं. शेअर बाजारातल्या सौद्यांनाही हा वेळ मोलाचा असतो.

घरच्या जोडणीला मात्र नाही. 5 किलोमीटरवर वाचतात 8 मायक्रोसेकंद, ते आपल्याला जाणवणारही नाहीत. उलट पोकळ फायबर महाग, जोडायला अवघड, आणि टोकं नीट बंद केली नाहीत तर आत ओल शिरते. म्हणून गल्लीत काचच टाकावी. नव्याचा खर्च करायचा तो जिथे उशीर खरोखर अडतो तिथे.

आता प्रश्न घेऊया.