पेट्रोलात तेल, की तेलाची वेगळी टाकी?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी एक चांगले चालणारे इंजिन जाम करून ठेवले.

कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या शेतात बांधावरचे गवत कापायचे होते. गवत कापायच्या मशीनची टाकी रिकामी होती. मी पडवीतला पेट्रोलचा कॅन उचलला, टाकी भरली आणि मशीन सुरू केले. दहा-पंधरा मिनिटे ते झकास चालले. मग आवाज बदलला, एकदा जोरात करकरले आणि मशीन थांबले. दोरी ओढली तर जागची हलेना. मेकॅनिककाकांनी सिलिंडर उघडून दाखवला. खिळ्याने ओरखडावे तशा उभ्या रेघा पिस्टनवर उमटल्या होत्या.

"सीझ झालंय. पेट्रोलात तेल घातलं होतंस का?" काकांनी विचारले. मी गप्प.

बाबा सैन्यात ई.एम.ई.मध्ये होते. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "मशीन जमिनीवर होतं म्हणून निभावलं. असंच इंजिन विमानात असतं तर?"

मला वाटले, बाबा घाबरवण्यासाठी बोलत आहेत. पण असे इंजिन खरोखरच विमानात असते, आणि त्याचा आपल्या बेंगळुरूशी जवळचा संबंध आहे. इथल्या राजहंस अल्ट्रालाइट्स या कंपनीने एक्स-एअर नावाचे दोन आसनी हलके विमान बनवले आणि ते परदेशांतही गेले. त्यातल्या अनेक विमानांना ऑस्ट्रियाचे रोटॅक्स ५८२ हे इंजिन बसवलेले असते. दोन सिलिंडर, सुमारे ५८१ सीसी, पाण्याने थंड होणारे आणि मिनिटाला ६५०० फेऱ्यांवर सुमारे ६५ अश्वशक्ती देणारे हे टू-स्ट्रोक इंजिन आहे.

टू-स्ट्रोक कशासाठी? कारण ते हलके आणि साधे असते. चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो, तर टू-स्ट्रोकमध्ये दर फेरीला होतो. त्यामुळे थोड्या वजनात जास्त ताकद मिळते.

मात्र या साधेपणाची एक किंमत आहे. चार-स्ट्रोक इंजिनात तेलाचा स्वतंत्र साठा असतो आणि तेच तेल पुन्हा पुन्हा फिरते. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येते आणि तिथून सिलिंडरमध्ये जाते. म्हणून तेलही त्याच वाटेने पाठवावे लागते. ते जाता जाता क्रँकचे बेअरिंग आणि पिस्टन यांना वंगण देते आणि शेवटी पेट्रोलाबरोबर जळून जाते. परत काही येत नाही, त्यामुळे नवे तेल सतत मिळत राहिले पाहिजे. ६५०० फेऱ्यांवर क्रँक सेकंदाला १०८ वेळा फिरतो. तेल थांबले की काय होते, ते मी बांधावर पाहिले आहे.

हे तेल पोहोचवण्याच्या दोन रीती आहेत.

पहिली रीत म्हणजे तेल पेट्रोलातच मिसळणे. रोटॅक्स ५८२ साठी हे प्रमाण ५० ला १, म्हणजे २ टक्के असते. १० लिटर पेट्रोलला २०० मिलिलिटर तेल. जुन्या बजाज चेतकवाल्या आजोबांना ही रीत माहीत असेलच. हिचा मोठा फायदा असा, की जोपर्यंत बरोबर मिसळलेले पेट्रोल इंजिनात येते आहे, तोपर्यंत तेलही येतेच. तुटायला वेगळा भाग नाही. पण मिसळणारा माणूस चुकू शकतो. तेल विसरले तर इंजिन जाम होते. जास्त घातले तर प्लगवर काजळी धरते. शिवाय इंजिन हळू चालत असताना त्याला इतके तेल लागत नाही, तरी मिश्रणातले प्रमाण तेच राहते, म्हणून धूर होतो. विमान बरेच दिवस उभे राहिले तर कार्ब्युरेटरमधले पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट तेल उरते.

दुसरी रीत तेलाच्या पंपाची. यात टाकीत साधे पेट्रोल भरायचे आणि तेलाला वेगळी छोटी टाकी द्यायची. पंप इंजिनच्या फेऱ्यांवर चालतो आणि त्याची दांडी केबलने थ्रॉटलला जोडलेली असते. पूर्ण ताकदीला जास्त तेल, मंद गतीला कमी. धूर कमी होतो, तेल वाचते, मापाचे भांडे घेऊन हिशेब करावा लागत नाही. दुसऱ्या धावपट्टीवर उतरून पेट्रोल भरणेही सोपे जाते.

मग सगळ्यांनी पंपच का लावू नये? कारण आता बिघडण्यासारख्या नव्या जागा तयार झाल्या. केबल निसटू शकते. नळीत हवेचा बुडबुडा अडकू शकतो. टाकीच्या झाकणाचे बारीक छिद्र बुजले तर तेल खाली उतरत नाही. आणि सर्वांत साधी गोष्ट म्हणजे तेलाची टाकी भरायची राहू शकते. अशा वेळी पेट्रोल भरपूर असते, इंजिन जोरात चालू असते आणि तेल मात्र पोहोचत नसते. ही अडचण हवेत गेल्यावर कळते.

मी बाबांना फोनवर विचारले, "यातली चांगली कोणती?" ते म्हणाले, "आधी सांग, कोणती चूक तुला उडण्याआधी दिसेल?"

यावर मी बरेच दिवस विचार केला. मिश्रणाच्या रीतीत चूक जमिनीवर होते आणि पकडताही जमिनीवरच येते. टू-टी तेलाला बहुधा रंग असतो. थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून उजेडात धरले, की तेल घातले आहे का ते कळते. पंपाच्या रीतीत रोजचे माप चुकत नाही, पण तपासायच्या गोष्टी वाढतात. तेलाची पातळी, नळीतली हवा, थ्रॉटल मिटल्यावर पंपाच्या दांडीची खूण जागेवर येते की नाही, हे सगळे पाहावे लागते. म्हणजे पंप लावल्याने आपली जबाबदारी संपत नाही, ती फक्त दुसऱ्या जागी जाते. तपासणी न करणाऱ्यासाठी दोन्ही रीती सारख्याच धोक्याच्या.

रोटॅक्स स्वतःही आपल्या पुस्तिकेत बजावते, की इंजिन अचानक बंद पडल्यास सुखरूप उतरता येणार नाही अशा ठिकाणी आणि अशा उंचीवर उडू नका.

आज एनसीसीच्या व्हायरस एसडब्ल्यू ८० विमानात चार-स्ट्रोक रोटॅक्स ९१२ इंजिन आहे. त्यात तेल मिसळायचा प्रश्नच नाही. तरी उड्डाणापूर्वी तेलाची पातळी पाहावीच लागते.

आमच्या मशीनला नवा पिस्टन बसला. पडवीत आता दोन कॅन आहेत. एकावर मी लाल रंगाने लिहिले आहे, "तेल घातलेले". तरीही टाकी भरण्यापूर्वी मी थोडे पेट्रोल बाटलीत काढून बघतो.

जय हिंद!

— एक कॅडेट, इयत्ता दहावी